चालत्या ट्रॅक्टरचा ठावठिकाणा

जमिनीच्या मोजणीसाठीं पूर्वीं जी साखळी वापरीत, ती तेहतीस फुटांची असे आणि तिचे सोळा आणे पाडलेले असत. एक साखळी लांब व एक साखळी रुंद एवढ्या जागेस गुंठा म्हणत, आणि असे चाळीस गुंठे झाले म्हणजे एक एकर होई. साखळीच्या एका आण्याची लांबी दोन फुटांहून थोडी अधिक. म्हणजे मोजणीदाराच्या हातून अर्धा आणा इकडचा तिकडे झाला कीं हद्द एका फुटानें सरकली. त्या एका फुटासाठीं सख्ख्या भावांनीं एकमेकांच्या घरचें पाणी सोडल्याचीं उदाहरणें मराठवाड्यांतील कोणत्याहि गांवीं विचारलीं तरी मिळतील. बांधाचा प्रश्न हा मापाचा प्रश्न असतो, परंतु तो केवळ मापाचा कधींच राहत नाहीं.

आज स्थिति अशी आहे कीं, तळहाताएवढी एक तबकडी ट्रॅक्टरच्या टपावर बसवावी, तिची तार एका लहानशा पेटीस जोडावी, आणि ट्रॅक्टर चालत असतांनाच तो कोठें आहे हें दोन-तीन सेंटिमीटरांच्या, म्हणजे सुमारें एका इंचाच्या, आंतबाहेर कळावें. पंधरा-वीस वर्षांपूर्वीं अशा यंत्रासाठीं कित्येक लाख रुपये मोजावे लागत. पुढें स्वित्झर्लंडच्या यू-ब्लॉक्स कंपनीनें व तिच्यामागून इतरांनीं दोन कंपनसंख्यांवर ऐकणाऱ्या स्वस्त चकत्या बाजारांत आणल्या, आणि यंत्राचा हा गाभा वीस-पंचवीस हजार रुपयांच्या घरांत आला. २०२५ सालच्या खरिपांत अकोला जिल्ह्यांत चालकाचा हात न लागतां सरळ रेषेंत पेरणी करणाऱ्या ट्रॅक्टरचीं चित्रें पुष्कळांनीं पाहिलीं असतील. त्याच्या मुळाशीं हीच विद्या होती. तयार संच घेतल्यास तो आजहि लाखांच्या घरांत जातो. परंतु सुटे भाग जमवून, संगणकाची फुकट मिळणारी प्रणाली वापरून, तेंच काम पुष्कळ थोड्या खर्चांत करणारे लोक जगभर आहेत. जपानमधील टोमोजी ताकासु यांनीं गणिताचा भाग लिहून सर्वांस मोफत दिला. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतांतील ब्रायन टिशलर या शेतकऱ्यानें ट्रॅक्टरचें सुकाणूं वळविण्याची प्रणाली लिहून तीहि अशीच मोकळी केली. विद्या अशा रीतीनें दारापर्यंत आली आहे. ती छत्रपति संभाजीनगरच्या परिसरांत, गंगापूर-पैठणच्या काळ्या रानांत, विश्वासानें वापरावयाची तर कशाकशाकडे लक्ष द्यावें लागेल, आणि यंत्राच्या तोंडच्या इंचावर कोठपर्यंत भरंवसा ठेवावा, हा येथें विचाराचा विषय आहे.

खिशांतील मोबाइलहि आपलें स्थान सांगतो. परंतु त्याचें सांगणें उघड्या मैदानांत तीन ते पांच मीटरांनीं मागेंपुढें असतें. पाहुण्याला घर सांपडण्यास तेवढें पुरे होतें. पेरणीच्या दोन ओळींत मात्र पुष्कळदां अवघें दीड-दोन फुटांचें अंतर असतें. तेथें पांच मीटर म्हणजे आठ-दहा ओळींची चूक झाली.

ही चूक येते कोठून? अमेरिकेच्या जीपीएस मालिकेंतील उपग्रह पृथ्वीपासून सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरत असतात. त्यांच्या जोडीला आतां रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ, चीनची बैदू आणि भारताची नाविक या मालिका आहेत. आपल्या नाविकचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजीं उडाला व सातवा २८ एप्रिल २०१६ रोजीं. पैकीं कांहींचीं अणुघड्याळें पुढें बंद पडलीं, म्हणून शहाणें ग्रहणयंत्र एकट्या नाविकवर विसंबत नाहीं, तर सर्वांचें ऐकतें. प्रत्येक उपग्रह आपण कोठें आहों आणि आतां कोणता क्षण आहे, एवढेंच अखंड सांगत असतो. तो संदेश जमिनीवर येण्यास सेकंदाचा सुमारें पंधरावा भाग लागतो. या वेळेवरून अंतर काढावयाचें, आणि चार किंवा अधिक उपग्रहांच्या अंतरांवरून आपली जागा काढावयाची. सेकंदाच्या एका अब्जांश भागाची चूक झाली, तर अंतर तीस सेंटिमीटरांनीं चुकतें. उपग्रहाचें घड्याळ किंचित् चुकतें. त्याची जागा सांगितल्यापेक्षां थोडी निराळी असते. आणि वातावरणाच्या वरच्या विद्युद्भारित थरांतून येतांना संदेश वाटेंत रेंगाळतो. हें सर्व मिळून कांहीं मीटर होतात, यांत नवल तें काय?

आतां खरी युक्ति पाहावयाची. उपग्रहाचे शब्द ज्या लहरीवर स्वार होऊन येतात, ती लहर स्वतःच एक मोजफीत आहे. जीपीएसच्या मुख्य लहरीची लांबी, म्हणजे एका लाटेच्या माथ्यापासून दुसऱ्या लाटेच्या माथ्यापर्यंतचें अंतर, १९ सेंटिमीटर आहे. दुसऱ्या लहरीची २४ सेंटिमीटर. ग्रहणयंत्राला एका लाटेचा शंभरावा हिस्साहि ओळखतां येतो, म्हणजे दोनएक मिलिमीटर. अडचण एवढीच कीं, सगळ्या लाटा एकमेकींसारख्या दिसतात. ज्या फितीवरील बारीक रेघा शाबूत आहेत, पण आंकडे मात्र साफ पुसले गेले आहेत, तशी ही फीत होय. लाटेचा कोणता भाग हातीं आला हें मिलिमीटरपर्यंत कळतें; उपग्रहापासून इथपर्यंत अशा किती अखंड लाटा होऊन गेल्या, हें मात्र कळत नाहीं. हा पुसलेला आंकडा शोधून काढणें यांतच सगळी मेख आहे. हॉलंडांतील डेल्फ्ट येथील प्राध्यापक टेउनिसन यांनीं १९९३ सालीं त्याची जी जलद रीत मांडली, तीच थोड्याफार फरकानें आजच्या स्वस्त चकतींतहि चालते. दोन निरनिराळ्या लांबीच्या लहरी ऐकणारें यंत्र येथें उपयोगी पडतें, कारण एका फितीच्या रेघा दुसऱ्या फितीशीं थोड्याच ठिकाणीं जुळतात, आणि त्यामुळें शक्य आंकडे झपाट्यानें कमी होतात.

परंतु एकट्या यंत्राला हा आंकडा चटकन् मिळत नाहीं. त्याला सोबती लागतो. दुकानदाराचा कांटा किती चुकतो हें पाहावयाचें तर त्यावर शिक्क्याचें वजन ठेवावें, तसें ज्याची जागा आधींच नक्की ठाऊक आहे असें एक ग्रहणयंत्र जवळपास कोठेंतरी स्थिर ठेवावयाचें. त्यालाहि तेच उपग्रह दिसतात, त्याचेहि संदेश त्याच थरांतून येतात. म्हणून त्याच्या मोजणींत जी चूक येते, तीच जवळजवळ तशीच ट्रॅक्टरवरील यंत्राच्या मोजणींत येते. स्थिर यंत्रानें आपलीं निरीक्षणें दर सेकंदास ट्रॅक्टरकडे धाडावीं, ट्रॅक्टरच्या यंत्रानें तीं आपल्या निरीक्षणांतून वजा करावीं. चुका एकमेकींस खाऊन टाकतात आणि पुसलेला आंकडा कांहीं सेकंदांत उमटतो. स्थिर यंत्रास बेस व फिरत्या यंत्रास रोव्हर म्हणतात, आणि या सर्व पद्धतीस आरटीके असें आद्याक्षरी नांव आहे. यावरून एक गोष्ट ध्यानांत यावी. टपावरची तबकडी आपल्या अंगच्या गुणानें अचूक नसते. तिची अचूकता ही त्या स्थिर सोबत्याकडून उसनी घेतलेली असते, आणि सोबत्याची जागा जेवढी खरी, तेवढीच ट्रॅक्टरची खरी.

ही कल्पना आपल्या देशास नवी नाहीं. कर्नल लॅम्ब्टन यांनीं १८०२ सालीं मद्रासेजवळ ज्या त्रिकोणमापनास आरंभ केला, त्याचें तत्त्व हेंच होतें: आधीं थोडे बिंदु जिवापाड मेहनतीनें नक्की करावयाचे आणि मग बाकीचें सर्व माप त्यांच्या आधारानें घ्यावयाचें. त्यांचें मोठें कोनमापक यंत्र सुमारें अर्ध्या टनाचें होतें. १८०८ सालीं तंजावरच्या देवळाच्या शिखरावर चढवितांना तें आपटून त्याच्या चक्राचा आकार बिघडला, तेव्हां लॅम्ब्टन यांनीं स्वतः कित्येक आठवडे खपून तें पुनः गोल केलें. १८२३ च्या जानेवारींत वर्धेजवळील हिंगणघाट येथें, मोजणीच्या मार्गावरच, त्यांचा देहान्त झाला. अर्ध्या टनाचें काम आतां पांच-पन्नास ग्रॅमांची चकती करते असें कोणी म्हणतो, तेव्हां तो अर्धेंच सत्य सांगत असतो. चकतीच्या मागें नक्की केलेल्या बिंदूंचें जाळें उभें असतें, आणि तें उभारण्याचें काम आजहि त्याच परंपरेंतील संस्था, भारतीय सर्वेक्षण विभाग, करीत आहे.

या विभागानें देशभर कायम चालणारीं स्थिर स्थानकें उभारलीं आहेत. त्यांस 'कॉर्स' म्हणतात. महाराष्ट्रांत अशीं ७७ आहेत. राज्याच्या क्षेत्रफळाशीं हिशेब केला तर एकेका स्थानकाच्या वांट्यास सुमारें चार हजार चौरस किलोमीटर येतात, म्हणजे एका स्थानकापासून दुसरें सरासरीनें साठ-सत्तर किलोमीटरांवर. भूमि अभिलेख खात्याची मोजणी आतां याच स्थानकांच्या आधारें रोव्हर घेऊन होऊं लागली आहे. नोंदणी केलेल्या वापरकर्त्यास स्थानकांचीं निरीक्षणें मोबाइलच्या इंटरनेटवरून मिळतात, आणि ज्या रीतीनें मिळतात ती रेडिओच्या श्रोत्यांस ओळखीची वाटेल. जर्मनीच्या फ्रँकफुर्ट येथील सरकारी मापन संस्थेनें २००४ च्या सुमारास ही रीत बसविली, तेव्हां तिनें इंटरनेटवरून गाणीं ऐकविणाऱ्या प्रक्षेपणाचाच सांचा उचलला. एक प्रक्षेपक, त्यावर अनेक स्थानकें, आणि ज्याला जें हवें तें त्यानें लावावें. गाण्याच्या जागीं आंकडे येतात एवढाच भेद. ट्रॅक्टर शेतांत फिरत असतो आणि दूरच्या एका स्थानकाचें भाषण सेकंदासेकंदाला ऐकत असतो, असें म्हटलें तर तें अक्षरशः खरें आहे.

स्थानक दूर असलें तर काय होतें? दोन्ही यंत्रांच्या वरचें आकाश एकच आहे, हें गृहीतक ढिलें पडतें. सर्वसाधारण नियम असा सांगतात कीं, मूळच्या एका सेंटिमीटरांत दर किलोमीटरास एक मिलिमीटर मिळवावा, आणि स्वस्त यंत्रानें दहा-पंधरा किलोमीटरांच्या पलीकडील एकट्या बेसवर भिस्त ठेवूं नये. आसपासच्या अनेक स्थानकांच्या निरीक्षणांवरून वापरकर्त्याच्या अगदीं जवळ जणूं एक काल्पनिक स्थानक निर्माण करण्याची सोय असल्यास ही मर्यादा पुष्कळ सैल होते. तथापि हे नियम बहुधा युरोपांतील व उत्तर अमेरिकेंतील अनुभवावरून लिहिलेले असतात, आणि ते इकडे जसेच्या तसे लावणें धोक्याचें आहे. छत्रपति संभाजीनगर १९.९ उत्तर अक्षांशावर आहे. पृथ्वीचें चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातें, आणि त्याच्या उत्तरेस पंधराएक अंशांवर वरच्या विद्युद्भारित थराची एक दाट पट्टी असते. ती साधारणतः अहमदाबाद-भोपाळ या बाजूस येते. मराठवाडा तिच्या उंबरठ्यावर आहे. दुपारीं हा थर फुगलेला असतो आणि सूर्यास्तानंतर त्यांत बुडबुडे उठावेत तशी खळबळ होते. विशेषतः मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबर या दिवसांत, आणि सूर्यावरील डाग वाढलेले असतील त्या वर्षीं फारच. तेव्हां उपग्रहांचे संदेश लुकलुकतात, लाटांची मोजणी मध्येंच तुटते. रब्बीची पेरणी नेमकी याच सुमारास असते, आणि ओल उडून जाण्याच्या आंत उरकावी म्हणून शेतकरी दिवस मावळल्यावरहि ट्रॅक्टर चालवितो. म्हणून सकाळीं उत्तम चाललेलें यंत्र सायंकाळीं सातला अडखळूं लागलें, तर तें बिघडलें असें समजून खोलून बसूं नये. तास-दोन तास थांबावें, अथवा ती वेळ टाळावी.

ज्याला कॉर्सचें प्रक्षेपण नको, किंवा ज्याच्या रानांत मोबाइलचा आवाजच पोहोंचत नाहीं, त्यानें स्वतःचा बेस उभारावा. घराच्या गच्चीवर, चोहोंबाजूंस आकाश मोकळें असेल अशा जागीं, न हलणाऱ्या नळीवर दुसरी तबकडी बसवावी. वाऱ्यानें डोलणारा बांबू या कामास निरुपयोगी आहे. बेस बोटभर हलला कीं शेतांतील सर्व ओळी बोटभर हलतात. निरीक्षणें रानापर्यंत नेण्यास लहान बिनतारी संच लागतो. भारतांत ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ या पट्ट्यांत ठराविक शक्तीच्या आंत परवान्याशिवाय बोलतां येतें. परदेशांतून मागविलेले संच पुष्कळदां ९१५ मेगाहर्ट्झवर बोलणारे असतात. ते येथें वापरणें कायद्यास धरून होत नाहीं, हें पैसे देण्यापूर्वीं पाहिलें पाहिजे.

आतां गच्चीवरील या बेसला स्वतःची जागा कोणी सांगावी? पुष्कळजण यंत्राला पांच-दहा मिनिटें सरासरी काढूं देतात आणि जी येईल ती जागा खरी मानतात. ती मीटर-दीड मीटरानें सहज चुकलेली असते. पेरणीपुरतें पाहिलें तर त्यानें बिघडत नाहीं, कारण सगळ्या ओळी एकसारख्या सरकतात आणि त्यांचें आपसांतलें अंतर बरोबरच राहतें. पण दुसऱ्या दिवशीं बेस बंद करून पुनः चालू केला व त्यानें नवी सरासरी काढली, तर काल पेरलेल्या ओळींवरच आज कोळपें चालेल आणि उगवलेलें पीक मुळासकट निघेल. म्हणून जागा एकदांच नक्की करून, लिहून ठेवून, दरवेळीं तीच यंत्रास सांगावी. ती सर्वेक्षण विभागाच्या स्थानकाशीं जोडून घेतलेली असेल तर सर्वांत उत्तम.

येथपर्यंतचें सर्व कोणत्याहि स्थिर मोजणीस लागू आहे. वाहन चालूं लागलें म्हणजे नव्या अडचणी येतात, आणि स्वस्त संच लावणाऱ्यांची निराशा होते ती बहुधा येथें. पहिली गोष्ट अँटेनाची. उपग्रहाची प्रक्षेपणशक्ति एखाद्या घरगुती दिव्याएवढी, आणि अंतर वीस हजार किलोमीटर. तेव्हां येणारा संदेश किती क्षीण असेल, याची कल्पना करावी. तो थेट आकाशांतून यावा, बॉनेटवरून किंवा टपाच्या पत्र्यावरून उसळी घेऊन येऊं नये. यासाठीं तबकडीच्या खालीं वीतभर रुंदीची धातूची थाळी असावी, आणि ती टपाच्या मध्यावर, धुराड्यापासून दूर, सर्वांत उंच असावी. पांच-सात हजारांची बरी तबकडी घेणें आणि चकतींत काटकसर करणें परवडतें. उलट करणें परवडत नाहीं. चकती कितीहि उत्तम असली तरी जें कानांत शिरलेंच नाहीं तें ती ऐकणार कशी?

दुसरी अडचण कलण्याची, आणि ती दिसते तेवढी क्षुल्लक नाहीं. टपावरील तबकडी जमिनीपासून २.८ मीटर उंच आहे व ट्रॅक्टरचें एक चाक पांच इंच खोल सरींत उतरलें आहे, असें समजावें. चाकांतील अंतर साधारण १.४ मीटर असेल तर ट्रॅक्टर सुमारें पांच अंशांनीं कलतो. तेवढ्यानें टपावरची तबकडी एका बाजूस २४ सेंटिमीटर सरकते. उपग्रहांनीं तबकडीची जागा दोन सेंटिमीटरांपर्यंत खरी सांगितली आहे. परंतु पेरणी तबकडी करीत नाहीं, तिच्या खालीं जमिनींत शिरलेला फण करतो. म्हणून कल मोजणारें एक लहान साधन ट्रॅक्टरच्या सांगाड्यावर घट्ट बसवून, त्याच्या आंकड्यानें ही २४ सेंटिमीटरांची तफावत वळती करावी लागते. हें साधन हजार-दोन हजारांना मिळतें. तें न लावतां महाग अँटेना आणणारे लोक आहेत! तबकडीपासून फणापर्यंतचें मागचें व बाजूचें अंतरहि फितीनें मोजून यंत्रास सांगावें लागतें, आणि तें काम कोणताहि उपग्रह करून देत नाहीं.

तिसरी अडचण वेळेची. ताशीं पांच किलोमीटर गतीनें चालणारा ट्रॅक्टर सेकंदास १.४ मीटर जातो. यंत्रानें जागा काढून सुकाणूंपर्यंत कळविण्यास सेकंदाचा पांचवा भाग घेतला, तर तोंवर ट्रॅक्टर २८ सेंटिमीटर पुढें गेलेला असतो. सरळ ओळींत ही चूक ओळीच्याच दिशेनें असल्यामुळें खपून जाते. परंतु सुकाणूं प्रत्येक वेळीं उशिरां वळतें, मग जास्त वळतें, मग उलट वळतें, आणि ओळ नागासारखी वळवळते. हाच संच ताशीं चाळीस किलोमीटरनें धांवणाऱ्या मोटारीवर बसविला, तर तेवढ्याच विलंबांत ती सव्वादोन मीटर पुढें जाते. म्हणून चालत्या वाहनासाठीं यंत्रास सेकंदाला पांच ते दहा वेळां जागा सांगण्यास लावतात. येथें एक गैरसमज होतो तो दूर केला पाहिजे: बेसकडून येणारीं निरीक्षणें सेकंदास एकदांच आलीं व दोन-तीन सेकंद जुनीं असलीं तरी फारसें बिघडत नाहीं, कारण उपग्रहांच्या चुका सावकाश बदलतात. विलंब घातक असतो तो जागा काढल्यानंतरचा.

ट्रॅक्टरचें तोंड कोणीकडे आहे, हा प्रश्न वरकरणी पोरकट वाटतो. परंतु एका तबकडीस एकाच बिंदूची जागा कळते. तोंड कळण्यासाठीं तिला चालावें लागतें, आणि बांधापाशीं वळतांना किंवा उभें असतांना ती अंधळी होते. उपाय सोपा आहे. टपावर दोन तबकड्या एकमेकींपासून मीटरभर अंतरावर आडव्या बसवाव्या आणि एकीला दुसरीचा चालता बेस करावें. मग सुमारें अर्ध्या अंशापर्यंत दिशा उभ्याउभ्याहि कळते, आणि बाजूचा कलहि आयताच हातीं येतो. खर्च अर्थातच वाढतो. दोन-चार एकरांच्या धन्याला तो परवडेल असें नव्हे, गांवभर भाड्यानें पेरणी करणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याला मात्र तो एक-दोन हंगामांत निघण्याजोगा वाटेल. अशा माणसांस शिकविण्याची सोय जवळच हवी. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषि विद्यापीठानें शेतीसाठीं रोबो, ड्रोन व स्वयंचलित वाहनें यांचा स्वतंत्र प्रकल्प चालविला, तो या दृष्टीनें लक्षांत ठेवण्यासारखा आहे.

उंचीच्या बाबतींत मात्र या यंत्राकडून थोडी कमीच अपेक्षा करावी. उपग्रह सगळे वरच्या बाजूस असतात, खालून कोणीच बोलत नाहीं. म्हणून उंची आडव्या मापाच्या दीडपट-दुप्पट चुकते. शिवाय यंत्र सांगतें ती उंची एका काल्पनिक गुळगुळीत अंडगोलापासूनची असते. पाणी त्या उंचीप्रमाणें वाहत नाहीं. आणि दख्खनमध्यें समुद्रसपाटीची उंची व ही उंची यांत पन्नास मीटरांहून अधिक फरक पडतो. मलिक अंबरानें याच शहराच्या भूमीखालून नहरीचें पाणी केवळ उतारानें गांवांत आणून खेळविलें, तें या यंत्रांशिवाय. आजचा कोणी शेततळ्याचा चर नुसत्या ट्रॅक्टरच्या उंचीवरून खोदूं लागेल तर त्यानें आधीं पाणसळ लावून पाहावी, हें बरें.

आतां सर्वांत नाजूक भाग. ग्रहणयंत्र आपल्या जागेबरोबर एक शेराहि देतें. पुसलेला आंकडा सांपडला असला तर 'फिक्स', सांपडला नसून नुसता अंदाज चालला असेल तर 'फ्लोट'. फ्लोटमध्यें चूक वीतभर ते हातभर असते, आणि यंत्र तसें प्रामाणिकपणें सांगतें. धोका फ्लोटचा नाहीं. धोका खोट्या फिक्सचा आहे. बांधावरच्या लिंबाखालून किंवा दाट बाभळीच्या कडेनें ट्रॅक्टर गेला, कांहीं उपग्रह झाडाआड गेले, कांहींचे संदेश पानांतून उसळून आले, आणि यंत्रानें लाटांचा आंकडा एक-दोननें चुकीचा धरला, तर तें १९ किंवा ३८ सेंटिमीटर चुकलेली, क्वचित् त्याहूनहि अधिक चुकलेली जागा अगदीं ठामपणें 'फिक्स' म्हणून सांगतें. पडद्यावर हिरवा दिवा असतो. चालकाला संशय येण्यास कांहींच कारण नसतें.

आणि बांध असतो तो नेमका झाडाखालीं. म्हणून या यंत्राचा ज्या एका कामासाठीं उपयोग करण्याचा मोह सर्वांत अधिक, त्याच कामीं तें सर्वांत कमी विश्वासाचें आहे. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर हद्दीवरून फिरला, पडद्यावर रेघ उमटली, आणि ती आपल्या धुऱ्याच्या फूटभर आंत पडली, एवढ्यावरून भांडणास उभें राहणारा मनुष्य बेसच्या जागेची मीटरभर चूक, कलण्याची वीतभर चूक आणि खोट्या फिक्सची हातभर चूक, या तिन्हींतल्या कोणत्याहि एकीवर भांडत असण्याचा संभव आहे. त्यांत आणखी एक चूक अशी कीं जिचा दोष कोणाच्याच माथीं मारतां येत नाहीं. भारताची भूमि जगाच्या चौकटींत वर्षाला सुमारें पांच सेंटिमीटर ईशान्येकडे सरकत आहे. एखादी जागतिक सेवा आजच्या तारखेची जागा देते; नकाशा मात्र पूर्वींच्या कोणत्या तरी ठराविक तारखेच्या जागांवर बांधलेला असतो. दहा वर्षांत हा फरक अर्ध्या मीटरचा होतो. दोघांचीं यंत्रें निर्दोष, दोघेहि खरे बोलणारे, आणि तरी दोघांच्या रेघांत दीड फुटांचें अंतर! हद्दीचें माप हें भूमि अभिलेख खात्याच्या मोजणीनेंच ठरतें, ट्रॅक्टरच्या पडद्यावरील रेघेनें नव्हे, आणि खात्याचा आग्रह हा येथें केवळ सरकारी अडवणूक नाहीं. तेथें मोजणीदार कोणत्या स्थानकाच्या आधारानें, कोणत्या चौकटींत, कोणत्या जुन्या खुणांशीं जुळवून माप घेतो, याची नोंद राहते. ट्रॅक्टरवाल्याजवळ यांतलें कांहींच नसतें.

पेरणीच्या कामीं मात्र खोटें फिक्स पकडण्याची एक रीत आहे, आणि तिला पैसे पडत नाहींत. शेताच्या कोपऱ्यांत, झाडांपासून दूर, उघड्यावर एक लोखंडी खुंटी कायमची ठोकावी व ट्रॅक्टर तिच्यापाशीं नेहमींच्या जागीं उभा करून पहिल्या दिवशीं यंत्रानें दिलेले आंकडे वहींत लिहून ठेवावे. रोज कामास आरंभ करण्यापूर्वीं ट्रॅक्टर तेथेंच त्याच तऱ्हेनें उभा करावा, व आंकडे ताडून पाहावे. तीन सेंटिमीटरांच्या आंत आले तर कामास लागावें. अधिक आले तर यंत्र बंद करून पुनः चालू करावें, म्हणजे तें लाटांचा आंकडा नव्यानें शोधतें. दोनदां शोधूनहि तीच चूक येत असेल तर दोष फिक्सचा नसून बेस हलला आहे असें समजून गच्चीवर जाऊन पाहावें. दुपारच्या जेवणानंतर आणि एखाद्या मोठ्या झाडाच्या कडेनें फेरी मारल्यावर हीच परीक्षा पुनः घ्यावी. खुंटी जमिनीच्या पातळीस ठोकून तिच्यावर चुन्याची खूण करावी, नाहीं तर वखराची पास तिला अडकून पहिल्याच पाळींत ती उपटून निघते.